थारला कोटिंग मारायचा धंदा करताय? आधी पत्रा घासायला शिका



थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी... अशा गाड्यांच्या बंपरला, मडगार्डला, साईड स्टेपला जाड, खरखरीत काळं कोटिंग मारलेलं तुम्ही पाहिलं असेल. व्हिडिओत ते काम लई भारी दिसतं. गन हातात घेतली, दहा मिनिटांत सगळा बंपर काळाकुट्ट! मग डोक्यात विचार येतो, हे तर आपणही करू शकतो. सातारा-सांगलीकडची मुलं या धंद्याबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मशीन कुठलं घेऊ?"

माझं मत आज सरळ सांगतो. धंदा चांगला आहे आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्याला जागाही आहे. पण हा धंदा फवारण्याचा नाही. फवारायच्या आधी पत्रा धुण्याचा, घासण्याचा आणि कोरडा करण्याचा आहे. ज्याला त्याचा कंटाळा आहे त्याने यात एक रुपया घालू नये. आणि दुसरं, सुरुवात थारपासून करू नका. का, ते पुढे सांगतो.

कोटिंगचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे रबर किंवा डांबर बेसचं अंडरबॉडी कोटिंग. एकाच डब्यात येतं, हार्डनर मिसळावा लागत नाही, साध्या कॉम्प्रेसरवर मारता येतं. वाळल्यावर थोडं लवचिक राहतं, म्हणून चाकाने उडवलेला खडा लागला तरी टवका सहज उडत नाही. चासी, फ्लोअरची खालची बाजू, मडगार्डची आतली बाजू, एवढ्यासाठी हे बरोबर आहे. हौद्यात किंवा पाय ठेवायच्या पायरीवर हे टिकत नाही, घासून जातं.

दुसरा प्रकार दोन भागांचं पॉलियुरेथेन. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. मिसळलं की ठरावीक वेळेत संपवावं लागतं, उरलं तर फेकून द्यायचं. हे कडक होतं, घासणं सहन करतं. बंपर, साईड स्टेप, पिकअपचा हौदा यासाठी हे वापरतात. यालाही कॉम्प्रेसर आणि खास गन पुरते.

तिसरा पॉलियुरिया. दोन्ही भाग गरम करून प्रचंड दाबाने गनच्या तोंडाशीच मिसळले जातात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. काम एक नंबर होतं, पण त्याचं मशीन लाखांत जातं. व्हिडिओ बघून तुमचं मन ज्याच्यावर बसलेलं असतं ते हेच. पहिल्या वर्षी त्याच्या नादाला लागू नका.

गंजावर कोटिंग मारलं तर काय होतं?

इथेच सगळा धंदा टिकतो किंवा बुडतो, म्हणून नीट वाचा.

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो. मीठ किंवा खत त्यात मिसळलं की वेग वाढतो. चांगलं कोटिंग पत्र्याला घट्ट चिकटतं आणि पाण्याला पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. पण पत्र्यावर आधीच सुटा गंज, चिखल किंवा ऑईल असेल तर कोटिंग पत्र्याला चिकटतच नाही, ते त्या गंजाला चिकटतं. वरून सगळं काळं आणि छान. एक पावसाळा जातो, कुठल्यातरी कडेने पाणी आत शिरतं आणि आता ते बाहेर पडत नाही. उघडा पत्रा निदान उन्हात वाळला असता. हा मात्र आतल्या आत ओला राहतो. दुसऱ्या वर्षी मालक स्क्रू ड्रायव्हरने टोचतो आणि कोटिंगसकट पत्रा हातात येतो.

म्हणजे वाईट कोटिंग हे कोटिंग नसण्यापेक्षा वाईट आहे. ते गाडीही खातं आणि गंज डोळ्यांपासून लपवून ठेवतं. गाडी विकण्याआधी गंज झाकायला कोटिंग मारून घेणारेही तुमच्याकडे येतील. अशा कामाला नाही म्हणा. आज तुम्हाला पाच-सात हजार मिळतील, पण उद्या ती गाडी घेणारा तुमच्याच तालुक्यातला असेल आणि काम कुणी केलं हे त्याला बरोबर कळेल.

आपल्याकडचं खरं गिऱ्हाईक

आपला भाग बघा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. सांगलीतही तसंच. शिराळ्याची बाजू ओली, जत-आटपाडी कोरडी. एकाच मालकाची पिकअप आज पाटणच्या चिखलात असते आणि परवा म्हसवडच्या फुफाट्यात. चिखल गाडी ओली ठेवतो, खडीचा रस्ता रंगाचे टवके काढतो. गंजाला आणि काय हवं?

त्यात शेतीची भर. तासगाव भागात द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. शाळेतला प्रयोग आठवतो का? मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबं चढतं आणि लोखंड विरघळतं. मोरचूद असलेलं पाणी ब्लोअरच्या सांगाड्यावर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर सांडत असतं. खतांची पोती वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यात पोटॅश सांडतं, ते क्षारच आहे. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला रस, माती आणि पाणी एकदम लागतं.

आता हिशोब करा. तुमच्या तालुक्यात थार किती आणि बोलेरो पिकअप, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ब्लोअर किती? थारवाला हौसेने येतो. त्याला रंग एकसारखा हवा, फिनिश हवी, इन्स्टावर फोटो हवा. बारीक डाग दिसला तरी गाडी परत आणतो. पिकअपवाल्याला फोटो नको, हौदा दोन वर्षं जास्त चालायला हवा. शिकाऊ हाताने केलेल्या कामात फिनिश कमी-जास्त झाली तरी तो चालवून घेतो, पण गंज आला तर सोडत नाही. म्हणजे तुम्हाला जे आधी शिकायला हवं, तेच तो तुमच्याकडून करून घेतो. म्हणून म्हणतो, पहिलं वर्ष कामाच्या गाड्यांवर काढा. हात बसला की थार आपोआप येतील.

तयारीचा हिशोब कागदावर मांडा

समजा एक पिकअप आली, खालची बाजू आणि हौदा करायचा आहे. खालचे आकडे हिशोब शिकण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

धुणं आणि पूर्ण वाळवणं ३ तास. पार्ट खोलणं २ तास. ग्राइंडर, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज काढणं ६ तास. मास्किंग ३ तास. उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर १ तास. फवारणं १ तास. टेप काढून पार्ट परत जोडणं २ तास. एकूण १८ तास. त्यात गन किती वेळ हातात होती? एक तास!

मजुरी तासाला १०० रुपये धरा, स्वतःची सुद्धा. झाले १,८००. माल ६,०००. टेप, पेपर, थिनर, लाईट ७००. जागेच्या भाड्याचा वाटा ५००. एकूण ९,०००. त्यावर २५ टक्के धरले तर दर होतो ११,२५०, नफा २,२५०.

आता शेजारचा ८,५०० मध्ये करतो म्हणून तुम्ही गंज काढणं, पार्ट खोलणं आणि मास्किंग हे ११ तास उडवले. वाचले किती? फक्त १,१०० रुपये. आणि तेच काम सहा महिन्यांनी परत आलं तर? जुनं कोटिंग खरवडायला आणखी १२ तास, म्हणजे १,२००, आणि सगळं काम परत ९,०००. झाले १०,२००. तुमच्या साडेचार गाड्यांचा नफा एका गाडीत गेला. हे गणित भिंतीवर लिहून ठेवा.

कुठे कोटिंग मारायचं नाही, हेही शिका

सायलेन्सर आणि त्याचा पाईप, ब्रेक डिस्क, कॅलिपर, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, रबरी बुश, सेन्सर, वायरिंगचे जोड, यांना कोटिंग लागता कामा नये. दरवाज्यांच्या आणि फ्लोअरच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती बुजली तर पाणी आतच साठतं आणि दरवाजा आतून कुजतो. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. अशी गाडी आली तर आधी चासीच्या पोकळीतला गाळ धुऊन काढा. तिथे बाहेरून कितीही कोटिंग मारलं तरी उपयोग नाही, आत वॅक्स सोडावं लागतं.

आणि एक गोष्ट नव्वद टक्के नवशिके विसरतील असं मला वाटतं, चासी नंबर! तो चासीवर ठोकलेला असतो. त्यावर जाड थर बसला तर पासिंगला किंवा गाडी नावावर करताना मालकाची पंचाईत होते. गाडी रॅम्पवर चढली की पहिलं काम, चासी नंबर शोधा आणि त्यावर टेप लावा.

कायद्याची बाजू

देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. कडेगाव तालुक्यातला हा माणूस. भंगारातल्या सामानातून साधारण ६० हजारांत किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं आणि त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कौतुक करतानाच त्यांनी हेही सांगितलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे अधिकारी आज ना उद्या ती अडवतील.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, आपल्या भागात लोखंडाच्या कामाचं कौशल्य कमी नाही, ते बाहेरून आणायची गरज नाही. दोन, कौशल्य कितीही असलं तरी गाडी रस्त्यावर आली की नियम लागू होतात. खालच्या बाजूचं, हौद्याचं कोटिंग ही अडचणीची गोष्ट नाही. पण पूर्ण बॉडीचा रंगच बदलणार असाल तर आरसीवर लिहिलेला रंग आणि गाडीचा रंग जुळत नाही. अशा गिऱ्हाइकाला आधी आरटीओत विचारून यायला सांगा, मग एमएच १० असो, ११ असो की ५०. तसंच गाडीला पुढे लावलेला लोखंडी बुल बार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत, कारवाई करा. तो कोट करून वर तुमचा स्टिकर लावू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मालकाला आधी डीलरकडे विचारायला सांगा.

तुमचं फुफ्फुस परत मिळत नाही

हा मुद्दा व्हिडिओत कुणी सांगत नाही. दोन भागांच्या कोटिंगच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचे बारीक थेंब श्वासात गेले तर दमा होऊ शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की मग अगदी थोड्या प्रमाणानेही धाप लागते आणि तो माणूस ते काम परत करू शकत नाही. वास येत नाही म्हणून धोका नाही, असंही नसतं. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. साधा कापडी मास्कही चालत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा नळीचा मास्क, हातमोजे, चष्मा, अंगभर सूट आणि हवा बाहेर फेकणारा फॅन, एवढं लागतंच. मास्कची हवा पेंटच्या कॉम्प्रेसरमधून तशीच घेऊ नका, त्यात ऑईल असतं.

हा खर्च परवडत नसेल तर दोन भागांचं कोटिंग सुरू करू नका. पहिले काही महिने एका डब्याच्या अंडरबॉडी कोटिंगवर काम करा. त्यातही थिनरची वाफ असते, म्हणून वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क, मोकळी हवा आणि जवळपास ठिणगी नाही, हे पाळा. पण तिथे आयसोसायनेटचा धोका नाही. तुमच्याकडे गावातलं एखादं अठरा-वीस वर्षांचं पोरगं हाताखाली असणार. त्याच्या आई-वडिलांनी ते तुमच्या भरवशावर पाठवलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

वर्षाचं कॅलेंडर

गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलपासून ऊस ट्रॉल्या रिकाम्या होतात. ऊन कडक, हवा कोरडी. एप्रिल-मे हा तुमचा मुख्य हंगाम. ब्लोअरचं काम द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकायचं, कारण छाटणी झाली की मशीन बागेतून बाहेर येत नाही. पावसाळ्यात ओल्या हवेत कोटिंग धरत नाही. तेव्हा धुणं, तपासणी, पुढच्या कामांचं बुकिंग आणि मागच्या वर्षीच्या गाड्या बोलावून बघणं, हे करा. चार महिने उत्पन्न कमी येणार हे धरूनच कर्जाचा हप्ता ठरवा.

कर्ज कशासाठी?

पीएमईजीपीत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, मुद्रामध्ये शिशु गटात ५० हजार आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट आहे. पण २० लाख मिळतात म्हणून २० लाखांचं मशीन घ्यायचं नाही. माझा क्रम असा आहे. आधी चांगलं प्रेशर वॉशर, कॉम्प्रेसर आणि हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टर, ग्राइंडर, रॅम्प, मास्क. गन सगळ्यात शेवटी. कोटिंगची जाडी मोजणारं छोटं मीटर जमलं तर घ्या, गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवा. पॉलियुरियाचं मशीन तेव्हाच, जेव्हा महिन्याची कामं नंबर लावून थांबतील.

"सर, पण गिऱ्हाईक धुण्या-घासण्याचे पैसे देत नाही!"

हो, मला माहीत आहे हे तुम्ही म्हणणार. पावसाळ्याआधी चासीला जळकं ऑईल मारून घेतलं की झालं, असं समजणारा मालक ११ हजार का देईल? त्याचं चुकतंय असं नाही. त्याला दिसत नाही त्या गोष्टीचे पैसे तो देत नाही. मग दाखवा ना!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घरचं आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेत नव्हते, लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. तो समज नुसत्या भाषणाने गेला नाही, शेतात नांगर चालल्यावर गेला.

तुम्हीही तेच करा. एका जुन्या पत्र्याचे दोन तुकडे घ्या. एकावर गंजावरच कोटिंग मारा, दुसरा घासून, प्रायमर देऊन मग मारा. दोन्हीवर खिळ्याने फुली मारा आणि पावसाळाभर बाहेर टांगून ठेवा. दिवाळीला दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवा. गिऱ्हाइकाला नखाने उचकटून बघायला सांगा. आणि प्रत्येक गाडीचे तीन फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, धुतल्यानंतरचा, गंज काढल्यानंतरचा आणि शेवटचा. बिलावर घासण्याचे तास वेगळे लिहा. ज्याला तरीही नको, त्याला जळकं ऑईल मारू द्या. तो आज तुमचा ग्राहक नाही.

गॅरंटीबद्दलही तेच. "पाच वर्षं काही होणार नाही" असं तोंडी बोलू नका. "एक वर्षात कोटिंग सुटलं तर तेवढा भाग फुकट करून देऊ, आपटून फाटलं तर नाही, दर पावसाळ्यानंतर गाडी दाखवायला आणायची", असं कागदावर लिहून द्या. जेवढं पाळता येईल तेवढंच लिहा.

आता या आठवड्यात करायचं काम. तुमच्या गावातल्या दहा पिकअप आणि ट्रॉल्यांच्या खाली वाकून बघा. गंज कुठून सुरू झालाय, चिखल कुठे अडकतो, वहीत लिहा, मालकाच्या परवानगीने फोटो काढा. ज्या डेंटर-पेंटरचं काम तुमच्या भागात नावाजलेलं आहे, त्याच्याकडे महिनाभर घासायला उभे राहा. महिन्यानंतरही हे काम आवडत असेल, तर मशीनचा प्रश्न घेऊन या. मग आपण कर्जाचा हिशोब मांडू.

चला, कामाला लागा. शुभेच्छा!